उतारा, आकलन आणि साक्ष : वऱ्हाडातील इंग्रजी परीक्षेच्या निमित्ताने

१

‘खालील उतारा काळजीपूर्वक वाचून त्याखालील प्रश्नांची उत्तरे लिहा’ हे वाक्य आपल्या शिक्षणव्यवस्थेत जितक्या वेळा वाचले गेले असेल, तितक्या वेळा दुसरे एखादे वाक्य क्वचितच वाचले गेले असेल. शिष्यवृत्ती परीक्षेपासून अध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेपर्यंत ते विद्यार्थ्याची पाठ सोडत नाही. या वाक्यामागे वाचनाची एक संपूर्ण उपपत्ती दडलेली आहे, ही गोष्ट मात्र सहसा ध्यानात घेतली जात नाही. उतारा ज्या ग्रंथातून घेतला त्याच्याशी वाचकाला कर्तव्य नाही; लेखक कोण हे कळण्याची आवश्यकता नाही; अर्थ त्या दहाबारा ओळींच्या आतच आहे व तो सर्वांसाठी एकच आहे; आणि वाचकाला तो कळला की नाही, हे त्याच्या उत्तरावरून निश्चितपणे ठरवता येते, अशी ही उपपत्ती आहे. गेल्या पन्नास-पाऊणशे वर्षांत साहित्यसिद्धान्ताने यांतील जवळजवळ प्रत्येक गृहीतावर आक्षेप घेतला. विद्यापीठात आपण ते आक्षेप सकाळी शिकवतो आणि संध्याकाळी त्याच विद्यार्थ्याला अपठित उताऱ्याचा सराव करावयास सांगतो. या विसंगतीचे आपल्याला काही वाटत नाही, कारण परीक्षा ही व्यवहाराची बाब आणि वाचन ही साहित्याची, अशी विभागणी आपण मनाशी करून टाकली आहे.

ही विभागणी टिकण्यासारखी नाही, असे मला वाटते. वाचणे म्हणजे काय याची बहुसंख्य माणसांची कल्पना समीक्षाग्रंथ घडवत नाहीत, परीक्षा घडवते. म्हणून परीक्षेतील उताऱ्याचा इतिहास हा वाचनाच्या इतिहासाचाच भाग मानावयास हवा. इंग्रजीच्या परीक्षेच्या बाबतीत तर या इतिहासाला एक निराळे वळण आहे. ज्या भाषेत विद्यार्थी विचार करतो ती भाषा या परीक्षेत एके काळी समोर हजर होती. पुढे तिला बाहेर काढण्यात आले. या बाहेर काढण्याने काय साधले आणि काय गमावले, एवढाच प्रस्तुत निबंधाचा प्रश्न आहे. त्यासाठी मी वऱ्हाडचा, आणि त्यातही अकोला-बार्शीटाकळी या टापूचा आधार घेतो. हा टापू माझ्या परिचयाचा आहे हे एक कारण. दुसरे अधिक महत्त्वाचे कारण असे की, या कथेतील पहिला आणि कदाचित सर्वांत उज्ज्वल अध्याय अकोल्यातच घडला.

बार्शीटाकळी हे अकोला जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. अकोल्याहून वीसेक किलोमीटर, अकोला-पूर्णा लोहमार्गावर, हा मार्ग पूर्वी मीटरगेज होता, आता रुंद झाला. गावात मराठीइतकीच उर्दू ऐकू येते, आणि ज्या मराठीला मी मराठी म्हणतो आहे ती पुस्तकातली मराठी नव्हे, वऱ्हाडी. गावातील प्राचीन मंदिरात शके १०९८, म्हणजे इ.स. ११७६चा शिलालेख आहे. शिलालेखाच्या संदर्भात अभ्यासक ‘वाचन’ हा शब्द ज्या अर्थाने वापरतात तो येथे आठवतो. लेखाचे वाचन म्हणजे अक्षर लावणे, पद तोडणे, अन्वय करणे, अर्थ सांगणे आणि आपण लावलेला अर्थ दुसऱ्यापुढे तपासणीसाठी ठेवणे. तेथे पर्यायांची चौकट नसते. वाचणाऱ्याला आपले आकलन आपल्या भाषेत मांडून दाखवावेच लागते.

२

१८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला आणि त्यानंतर तेथे सरकारी शाळा निघाल्या. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ची. त्याची पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा १८५९ साली झाली. १३२ विद्यार्थी बसले आणि २२ उत्तीर्ण झाले. त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. ‘मॅट्रिक’ हा शब्द पुढे शंभर वर्षे मराठी घरांत ज्या दबदब्याने उच्चारला गेला, त्याचे मूळ या आकड्यांत आहे.

या परीक्षेतले इंग्रजी कसे होते? भाषांतर, पदपरिस्फोट, वाक्यपृथक्करण, उताऱ्याचे शब्दांतर असे तिचे अंग होते. विद्यार्थ्याला इंग्रजी वाक्याची मोडतोड करून दाखवावी लागे. प्रत्येक पदाचे व्याकरण ‘चालवावे’ लागे. देशी भाषेतील मजकूर इंग्रजीत न्यावा लागे. ही पद्धत रुक्ष होती यात शंका नाही. परंतु तिच्यात आणि आपल्याकडील पूर्वीच्या ग्रंथवाचनात एक नाते होते, हे पुष्कळदा नजरेतून सुटते. पंतोजी किंवा शास्त्री श्लोक सांगताना पदच्छेद, अन्वय, अर्थ आणि भावार्थ अशा पायऱ्यांनी जात. इंग्रजी वाक्य त्याच पायऱ्यांवर बसवणे या पिढीला अवघड गेले नाही. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण रचले ते लिंडली मरेच्या इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर. म्हणजे वाट दोन्ही दिशांनी वापरात होती. शब्दांच्या बाबतीतही तसेच. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१चा, त्याची दुसरी आवृत्ती १८५७ची. कँडीने पूर्ण केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७चा. कँडीच्या कोशात एका इंग्रजी शब्दासमोर मराठी प्रतिशब्दांची रांग असते, आणि त्यांतला कोणता घ्यावयाचा हे वाचकाला वाक्य पाहून ठरवावे लागते. हे ठरवणे म्हणजेच वाचन.

अकोल्याच्या हायस्कुलात शिकून गोपाळ गणेश आगरकर १८७५ साली मॅट्रिक झाले. कऱ्हाडजवळच्या टेंभूचा हा मुलगा नातेवाइकांच्या आधाराने वऱ्हाडात आला होता. अकोल्यास त्यांना विष्णु मोरेश्वर महाजनी भेटले. महाजनींनी त्यांच्या पुढील शिक्षणाला हातभार लावला, ही गोष्ट आगरकरांच्या चरित्रांतून सर्वांना ठाऊक आहे. माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट दुसरी आहे. महाजनींनी शेक्सपिअरच्या ‘सिंबेलाइन’चे ‘तारा नाटक’ केले ते १८७९ साली. आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ १८८३ साली प्रसिद्ध केले. आणि १८८८ साली त्याच आगरकरांनी ‘वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण’ हे पुस्तक लिहिले. इंग्रजीच्या परीक्षेसाठी जे वाक्यपृथक्करण घोकावे लागले, ते या माणसाने मराठी वाक्याकडे वळवले आणि मराठीच्या व्याकरणविचारात वाक्याला त्याचे स्थान मिळवून दिले. तोवर आपले व्याकरण मुख्यतः शब्दाभोवती फिरत होते. पुढे १९११ साली मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ आले, त्या वेळी वाक्यविचार ही नवलाईची गोष्ट उरली नव्हती.

आगरकरांच्या सामाजिक लेखनावर जितके लिहिले गेले त्याच्या दशांशही ‘वाक्यमीमांसे’वर लिहिले गेलेले नाही. सुधारकाचे व्याकरण आपल्याला गौण वाटते. मला मात्र त्यांच्या बुद्धिवादाचा एक धागा येथे दिसतो. वाक्यातील उद्देश्य कोणते, विधेय कोणते, गौण वाक्य कशावर अवलंबून आहे हे विचारणारा माणूस रूढीच्या वाक्यालाही तोच प्रश्न विचारणार. अर्थात ही माझी अटकळ आहे. तिचा आग्रह धरण्याचे कारण नाही. एवढे मात्र निर्विवाद, की परीक्षेतील भाषांतर आणि पृथक्करण यांनी या दोघा अकोलेकरांच्या हातून मराठीत काहीतरी निर्माण करवून घेतले. ज्या इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हटले गेले, ते या पिढीने मराठीच्या भांड्यात काढले होते.

या चित्राला दुसरी बाजू आहे आणि ती लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. ती शाळा कोणासाठी होती? ज्यांच्या घरी अन्वयाची आणि पदच्छेदाची परंपरा होती, त्यांनाच ही परीक्षा ओळखीची वाटली. सावित्रीबाई फुले १८५४च्या ‘काव्यफुले’त इंग्रजीचे स्वागत करतात ते या परंपरेच्या बाहेर उभ्या राहून; त्यांच्या दृष्टीने इंग्रजी ही संस्कृतप्रचुर मराठीला वळसा घालून जाणारी वाट होती. जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे केलेल्या निवेदनाचा रोखही सरकारी पैसा उच्चवर्णीयांच्या उच्च शिक्षणाकडे वाहतो आणि बहुजनांचे प्राथमिक शिक्षण उपाशी राहते, यावरच होता. वऱ्हाडात हे चित्र पालटण्यास १९३२ साली पंजाबराव देशमुखांनी अमरावतीस स्थापन केलेली श्री शिवाजी शिक्षण संस्था यावी लागली. भाषांतराची परीक्षा प्रमाण मराठीत भाषांतर मागत होती. ज्याच्या घरी शेताला ‘वावर’ म्हणतात, त्याला इंग्रजी येण्याआधी मराठी यावी लागत होती. तेव्हा ती परीक्षा गेली याबद्दल नुसते हळहळणे मला मान्य नाही. तिच्या जागी काय आले, हा प्रश्न आहे.

३

जे आले ते पूर्णपणे विलायती होते, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. आकलनाच्या परीक्षेचा एक पाय अमेरिकेत असला तरी दुसरा बंगालमध्ये होता.

अमेरिकेत फ्रेडरिक केली याने १९१५च्या सुमारास कॅन्सस येथे मूकवाचनाची चाचणी तयार केली. ठरावीक उत्तरांतून एक निवडण्याची पद्धत तिच्यापासून रूढ होऊ लागली. १९१७ साली एडवर्ड थॉर्नडाइकने परिच्छेद वाचताना मुले कोणत्या चुका करतात याचा अभ्यास प्रसिद्ध केला. वाचन म्हणजे तर्क, असा त्याचा निष्कर्ष होता. एखाद्या शब्दाला मूल वाजवीपेक्षा जास्त वजन देते, दुसऱ्याला कमी देते, आणि मग सगळा परिच्छेद कलतो, हे त्याने उत्तम दाखवले. येथे एक विपर्यास नोंदवण्याजोगा आहे. थॉर्नडाइकला चुकीच्या उत्तरात रस होता, कारण चूक पाहून मुलाच्या मनात काय चालले आहे हे कळत होते. त्याच्यानंतरच्या परीक्षकांना फक्त बरोबर उत्तर मोजण्यात रस उरला.

बंगालमधला माणूस म्हणजे मायकेल वेस्ट. ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयात काम करणाऱ्या या इंग्रजाने १९२६ साली द्विभाषिकतेवरील आपला ग्रंथ कलकत्त्याहून प्रसिद्ध केला. त्याने विचारलेला प्रश्न साधा होता. बंगाली मुलाला इंग्रजी कशासाठी हवे आहे? बोलण्यासाठी क्वचित, लिहिण्यासाठी थोडे, वाचण्यासाठी पुष्कळ. मग वाचनच आधी का शिकवू नये? विमा मुदतीपूर्वी मोडला तर जी रक्कम हाती येते, तिच्यासारखी एक कल्पना त्याने शिक्षणाला लावली. बहुसंख्य मुले मध्येच शाळा सोडतात; ज्या दिवशी मूल शाळा सोडेल त्या दिवशी त्याच्या हाती काय उरेल? चार वर्षे इंग्रजी शिकून जर तो एकही पुस्तक वाचू शकत नसेल, तर ती वर्षे बुडाली. कपाशीच्या वेचणीला मुले शाळेतून गळतात अशा मुलखात ज्याने शिकवले असेल, त्याला वेस्टच्या या हिशेबातील कळवळा समजावून सांगावा लागणार नाही.

या कळवळ्यातूनच शब्दांची मोजदाद सुरू झाली. वेस्टने वाचनमाला तयार केल्या, त्यांत नवे शब्द बेताबेताने आणले; १९३५च्या त्याच्या कोशात सुमारे चोवीस हजार नोंदींचे अर्थ १४९० शब्दांत सांगितले होते; १९५३ साली त्याची सुमारे दोन हजार शब्दांची सर्वोपयोगी यादी प्रसिद्ध झाली. याच काळात सी. के. ऑग्डेनने १९३० साली ८५० शब्दांचे ‘बेसिक इंग्लिश’ मांडले आणि त्याच्या प्रचारात आय. ए. रिचर्ड्‌स अग्रभागी होता. आपण साहित्याचे लोक रिचर्ड्‌सला १९२९च्या ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’साठी ओळखतो. केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना कवीचे नाव न सांगता कविता द्यावयाच्या आणि त्यांचे अभिप्राय तपासावयाचे, हा त्याचा प्रयोग म्हणजे अपठित उताऱ्याची सर्वांत प्रतिष्ठित आवृत्ती. एकाच माणसाच्या एका हातात निनावी कविता आणि दुसऱ्या हातात साडेआठशे शब्दांची यादी असावी, हा योगायोग नव्हे. संदर्भापासून सोडवलेली संहिता आणि संदर्भापासून सोडवलेला शब्द ही एकाच विचाराची दोन फळे होत.

रिचर्ड्‌सच्या प्रयोगाचा पहिला अर्धा भाग मराठी समीक्षेनेही पुढे स्वीकारला. मर्ढेकरांच्या सौंदर्यविचारानंतर साहित्यकृतीच्या स्वायत्ततेचा विचार प्रभावी झाला, ‘रसग्रहण करा’ हा प्रश्न मराठीच्या प्रश्नपत्रिकेत स्थिरावला. पुढे समीक्षा वाचकाकडे, समाजाकडे, भाषेच्या राजकारणाकडे वळली. प्रश्नपत्रिका वळली नाही. आपण ज्याला रूपवाद म्हणून इतिहासजमा केले, तो परीक्षा मंडळात अजून नोकरीवर आहे.

वेस्ट आणि रिचर्ड्‌स यांच्यात एक मोठा फरक होता, तो सांगितला पाहिजे. रिचर्ड्‌सच्या विद्यार्थ्यांना आपले आकलन सविस्तर लिहून द्यावे लागत होते. त्या लिखाणाच्या आधारानेच त्याने गैरसमजांचे प्रकार ठरवले. म्हणजे साक्ष होती. शाळेपर्यंत पोहोचता पोहोचता ही साक्ष गळाली आणि निनावी उतारा तेवढा राहिला.

४

स्वातंत्र्यानंतर इंग्रजीला ‘ग्रंथालयाची भाषा’ म्हणण्याचा प्रघात पडला. १९६४-६६च्या कोठारी आयोगाने तिला त्याच भूमिकेत पाहिले. बोलणे, वर्गात वाक्यरचना घोटून घेणे, मातृभाषेचा वापर टाळणे हे अध्यापनशास्त्राचे नवे संकेत झाले. वऱ्हाड १९५६ साली द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. त्याचे विद्यापीठ १९२३पासून नागपूरचे होते; १९८३ साली अमरावतीचे झाले. येथील विद्यार्थ्यांच्या प्रश्नपत्रिका काढणारे गाव असे वेळोवेळी बदलत गेले, पण ते गाव बहुतेक वेळा दूरचेच होते.

मातृभाषा वर्गातून अधिकृतपणे हद्दपार झाली खरी, पण ती गेली कोठे? ती मार्गदर्शक पुस्तकांत गेली. माझ्या पिढीने, म्हणजे पाचवीत इंग्रजी सुरू करणाऱ्यांच्या शेवटच्या पिढ्यांपैकी एकीने (पहिलीपासून इंग्रजी २००० साली आले), ही व्यवस्था पूर्ण अनुभवली आहे. वर्गात धडा इंग्रजीत वाचला जाई, आणि घरी ‘गाइड’मधून त्याची ‘मिनिंगे’ पाठ केली जात. सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर. उर्दू शाळेतला माझा मित्र याच कामाला ‘अल्फाज-मानी’ म्हणे. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला वडिलांच्या ट्रंकेत होती. तिच्यात निदान वाक्ये होती, ती दोन्ही दिशांनी न्यावी लागत. आमच्या वाट्याला जोड्या आल्या. एका इंग्रजी शब्दासमोर एकच मराठी शब्द. कँडीच्या कोशातली प्रतिशब्दांची रांग गेली, आणि तिच्याबरोबर निवड करण्याचे काम गेले. ‘वेल’ म्हणजे चांगले हे एकदा पाठ झाले, की उताऱ्यातली विहीर दिसेनाशी होते.

शब्द सुटे झाले तसा उताराही सुटा झाला. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधावयाचा आणि त्या शब्दाचे वाक्य उचलून उत्तर म्हणून लिहावयाचे, ही कला आम्ही सातवीपर्यंत आत्मसात केली होती. तिला आकलनाची गरज लागत नाही. हे मराठीतच करून पाहावे. ‘गुंबाळाच्या सांदवात एक लुबरी झांबत होती. तिने तीन टुमके रेवडले व ती पुन्हा सांदवाकडे निबळली.’ लुबरी कोठे झांबत होती? गुंबाळाच्या सांदवात. तिने किती टुमके रेवडले? तीन. नंतर ती कोणीकडे निबळली? सांदवाकडे. तिन्ही उत्तरे बरोबर, पैकीच्या पैकी गुण; आणि यातल्या एकाही नामाला किंवा क्रियापदाला अर्थ नाही. व्याकरणाच्या बळावर उत्तर देता येते, कारण प्रश्नही त्याच व्याकरणाचा असतो. मुलाला प्रत्यय कळतात, एवढेच या परीक्षेने सिद्ध होते. ते काही कमी नाही. परंतु त्याला आकलन म्हणता येणार नाही.

या सगळ्यात वऱ्हाडीची जी उपेक्षा झाली, तिचा एक नमुना देतो. इंग्रजीतील साधा वर्तमान आणि चालू वर्तमान यांतला भेद शिकवताना शिक्षकांची दमछाक होते, कारण प्रमाण मराठीत ‘तो काय करतो?’ हा प्रश्न दोन्ही अर्थांनी विचारता येतो. वऱ्हाडीत ‘तो जेवते’ आणि ‘तो जेवून रायला’ हे दोन प्रयोग लख्ख वेगळे आहेत. इंग्रजीतला जो भेद शिकवावयाचा, तो बार्शीटाकळीच्या मुलाच्या तोंडात आधीच बसलेला आहे. वर्गात मात्र आम्हांला प्रथम ‘जेवून रायला’ हे अशुद्ध म्हणून सोडावयास लावले गेले, आणि मग तोच भेद सूत्र म्हणून फळ्यावर लिहून दिला गेला. इंग्रजी शिक्षणाच्या गुलामीबद्दल भालचंद्र नेमाड्यांसारख्या, स्वतः इंग्रजी शिकवलेल्या लेखकाने जे कठोरपणे लिहिले आहे त्याच्याशी मी पुष्कळ अंशी सहमत आहे. पण येथील अडथळा इंग्रजीने उभा केलेला नव्हता, प्रमाण मराठीने केला होता. देशीपणाच्या चर्चेत ही अडचणीची गोष्ट फारशी येत नाही.

भाषांतर पूर्णपणे गेले असेही नव्हे. दहावीच्या इंग्रजीच्या २०१८-१९पासूनच्या रचनेत ते पाच गुणांसाठी परतले. काही सुटे शब्द, काही सुटी वाक्ये आणि एखादी म्हण, असे त्याचे स्वरूप आहे. उतारा आणि भाषांतर प्रश्नपत्रिकेच्या दोन वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसतात, त्यांची गाठ पडत नाही. ज्या उताऱ्यावर आकलनाचे प्रश्न आहेत, त्यातील एखाद्या गुंतागुंतीच्या वाक्याचा अर्थ तुमच्या भाषेत सांगा, असे विचारले जात नाही.

५

आता हा प्रश्न शाळेपुरता राहिलेला नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत २०११ साली कलचाचणी आली; तिच्यातील इंग्रजी आकलनाच्या प्रश्नांवरून २०१४ साली मोठे आंदोलन झाले, त्या वर्षी ते प्रश्न गुणवत्तेसाठी मोजू नयेत असे ठरले, आणि २०१५ साली तो पेपरच ३३ टक्क्यांचा, केवळ पात्रतेचा झाला. या आंदोलनाची चर्चा प्रामुख्याने हिंदी विरुद्ध इंग्रजी अशी झाली. आपल्या विषयाला अधिक जवळचे उदाहरण राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे, अर्थात ‘नेट’चे आहे. मराठी साहित्याचा अध्यापक होऊ इच्छिणाऱ्याला तिच्या पहिल्या पेपरात एक उतारा वाचून प्रश्न सोडवावे लागतात. हा उतारा इंग्रजीत असतो आणि हिंदीत असतो. ज्या भाषेचे वाचन शिकवण्याची पात्रता ठरवावयाची, त्या भाषेतले वाचन येथे तपासले जात नाही. महाराष्ट्राच्या ‘सेट’मध्ये पहिला पेपर मराठीत उपलब्ध असतो, हे येथे नोंदवले पाहिजे.

काही काळापूर्वी बार्शीटाकळीतील एका अभ्यासिकेत चार संध्याकाळी बसण्याचा योग आला. पत्र्याचे छप्पर, दोन कूलर, भिंतीवर नकाशा. बाराचौदा मुलेमुली होती. कोणी पदवीधर, कोणी मराठीत एम.ए., एक मुलगी उर्दू माध्यमातून आलेली. प्रत्येकाजवळ इंग्रजी शब्दांची एक तरी वही होती. वह्या वर्णानुक्रमाने लिहिलेल्या होत्या आणि बहुतेकांची सुरुवात ‘अबँडन म्हणजे सोडून देणे’ अशी होती. पहिली पानपन्नास मळलेली, नंतरची कोरी. शब्दांच्या आरंभीच सोडून देण्याचा शब्द यावा, याची मुलांनीच थट्टा केली.

एका सरावपुस्तकातील उतारा घेतला. दुष्काळात सापडलेल्या शेतकऱ्याविषयी होता. त्यात ‘ही कुड नॉट बट सेल द काऊ’ असे वाक्य होते. प्रश्न होता, शेतकऱ्याने गाईचे काय केले आणि कोणत्या भावनेने? चार पर्याय. एका मुलाने बरोबर पर्यायावर खूण केली. त्याला मी वाक्याचा अर्थ विचारला. तो म्हणाला, ‘कुड नॉट’ म्हणजे शकला नाही, म्हणून तो गाय विकू शकला नाही. मग हा पर्याय का निवडला? बाकीच्या तिन्हीत ‘ऑल’ आणि ‘नेव्हर’ असे शब्द होते, असे पर्याय बहुधा चूक असतात, असे शिकवणीत सांगितले होते. दुसऱ्याने चुकीच्या पर्यायावर खूण केली होती. त्याला अर्थ विचारला तेव्हा तो क्षणभर थांबून म्हणाला, ‘त्याले गाय इकाच लागली, सर.’ ‘इकाच लागली’ या दोन शब्दांत दुहेरी नकार, त्यातला नाइलाज, सगळे काही आले होते. त्याला अडले होते ते पर्यायातील ‘कंपेल्ड’ या शब्दावर. तो वहीत पुढे होता, कोऱ्या पानांच्या पलीकडे.

ज्याला उलटे कळले त्याला गुण आणि ज्याला नेमके कळले त्याला शून्य, असा निकाल त्या उत्तरसूचीप्रमाणे लागला. एका उदाहरणावरून व्यवस्थेचा निवाडा करू नये हे मला मान्य आहे. आणि सुटा शब्द ठाऊक असणे हेही ज्ञान आहेच. परंतु त्या दोघांपैकी कोणाला काय कळले होते, हे उत्तरपत्रिकेवरून कोणालाही कधीच कळले नसते. ते कळले ते त्यांच्या भाषेत विचारले म्हणून. अकोल्याच्या हायस्कुलातल्या परीक्षकाकडे दोष पुष्कळ होते. त्याने ‘इकाच’चे गुण बहुधा कापलेही असते. पण मुलाला काय कळले हे त्याला दिसले असते.

उरलेल्या तीन संध्याकाळी आम्ही प्रत्येक उताऱ्यातील एक अवघड वाक्य आधी आपापल्या बोलीत सांगावयाचे, मग पर्यायांकडे पाहावयाचे, असा नेम ठेवला. उर्दूतून आलेल्या मुलीची वाक्ये सर्वांत नेटकी असत. तिच्याकडून दोघांनी ‘मजबूरन’ हा शब्द उचलला आणि ‘कंपेल्ड’पुढे वहीत तोच लिहून ठेवला. काम सावकाश चालले. जिथे एरवी दहा उतारे होत, तिथे तीन झाले. शेवटच्या दिवशी वह्या आवरताना गाईचे उत्तर देणाऱ्या मुलाने विचारले,

‘सर, हे आपल्या भाषेत सांगाचे, याले पेपरात मार्क भेटतात का?’